बोट कुठं टेकायचं, ते कोण ठरवतं?

नामपूर नाशिक जिल्ह्यातलं, तालुका बागलाण. पण लोकसभेला इथला मतदार खासदार निवडतो तो धुळ्याचा, कारण बागलाण विधानसभा मतदारसंघ धुळे लोकसभेत मोडतो. हे गावात पोराटोरांनाही ठाऊक आहे. फार कुणाला ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की पुठ्ठ्याच्या आडोशाला उभं राहून आपण जे निळं बटण दाबतो, त्या यंत्राचं रूप पवईला ठरलं. आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमधल्या, म्हणजे सगळे ज्याला 'आयडीसी' म्हणतात तिथल्या, ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांनी मतदान यंत्राची घडण केली.

याच आयडीसीत आज माणूस आणि यंत्र यांच्यातला संवाद हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवतात. पदवी एम. डेस., शाखा इंटरॅक्शन डिझाइन, मुदत दोन वर्षं. ॲप कसं दिसावं एवढ्यापुरता हा विषय आहे असा समज असतो. त्याची खरी गंमत मतदान यंत्रात सापडते, तेव्हा आधी तेच जवळून बघू.

एक बटण, एक दिवा, एक आवाज

यंत्रावर काय दिसतं? उमेदवाराचं नाव, त्याचा फोटो, चिन्ह आणि शेजारी बटण. म्हणजे जुनी मतपत्रिकाच, तशीच ओळीनं लावलेली. नवीन यंत्र आलं तरी मतदाराला नवीन काही शिकावं लागलं नाही. बटण दाबलं की चिन्हाशेजारी लाल दिवा लागतो, लांब 'पीऽऽ' वाजतं. डोळ्याला कळतं, कानाला कळतं, बोटालाही कळतं. दृष्टिहीन मतदारासाठी बटणाशेजारी ब्रेल आकडे असतात. व्हीव्हीपॅट आल्यापासून काचेआड चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि खाली पडते. 'तुम्हाला नक्की मत द्यायचं आहे का?' असला प्रश्न यंत्र विचारत नाही. मतदान अधिकारी आपल्या युनिटवरचं बटण दाबेपर्यंत दुसरं मत पडत नाही, त्यामुळे घाबरून दोनदा दाबलं तरी बिघडत नाही. पहिल्यांदा हे यंत्र वापरलं ते १९८२ साली, केरळातल्या परवूर मतदारसंघात, ५० केंद्रांवर. २००४ च्या लोकसभेला देशभर सगळीकडे तेच होतं.

त्याआधीचा इतिहासही तितकाच चविष्ट. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. ज्याला अक्षरओळख नाही त्यानं चिन्ह बघून त्या पेटीत कागद टाकायचा. पुढं शिक्का आला. तो फिरत्या बाणांच्या फुलीचा शिक्का आठवतो? मतपत्रिकेची घडी घातली की ओली शाई समोरच्या चौकटीत उमटते आणि मत कुणाला ते कळेना होतं. म्हणून आकार असा निवडलेला, की उलटी उमटलेली छाप मोजणाऱ्याला लगेच ओळखू यावी. साध्या फुलीनं हे साधलं नसतं. एवढ्याशा रबरी शिक्क्यामागं इतका विचार आहे, हे कळल्यावर मला तर या विषयाचं प्रेमच जडलं.

लाकडी माउस आणि चाकाची मूठ

आयडीसी सुरू झालं १९६९ साली. ते उभारणाऱ्यांत सुधाकर नाडकर्णींचं नाव पहिलं; मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून ते जर्मनीतल्या उल्मच्या नामांकित डिझाइन शाळेत गेले होते. तेव्हा जगानं संगणकाचा माउस बघून जेमतेम काही महिने झाले होते. डग्लस एंगेलबार्टनं तो सॅन फ्रान्सिस्कोत भर सभेत दाखवला ९ डिसेंबर १९६८ ला. त्याचा पहिला माउस लाकडाचा होता. पेटंटची मुदत माउस घरोघरी पोचण्याआधीच, १९८७ मध्ये, संपली आणि एंगेलबार्टला रॉयल्टीचा एक पैसाही मिळाला नाही.

विषयाचं मूळ मात्र आणखी मागं, दुसऱ्या महायुद्धात आहे. अमेरिकेची बी-१७ जातीची विमानं सुखरूप उतरायची आणि धावपट्टीवर आल्यावर वैमानिक अचानक चाकंच आत घ्यायचा. विमान पोटावर आपटायचं. ठपका अर्थातच वैमानिकावर. अल्फान्स शॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञानं कॉकपिटमध्ये नीट पाहिलं, तर चाकांचा खटका आणि पंखांच्या फ्लॅपचा खटका शेजारीशेजारी, दिसायला अगदी सारखे. त्यानं चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखी मूठ. अपघात थांबले. विमानातल्या त्या दांड्याची मूठ आजही चाकाच्याच आकाराची असते.

झेरॉक्सच्या काचेखाली

नामपुरातल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात विचारा: लोक सगळ्यात जास्त काय विसरून जातात? मूळ कागद. दाखला, मार्कशीट, आधार. प्रत हातात आली की काम झालं असं मनानं धरलं, आणि मूळ कागद काचेखालीच राहिला. दोष विसरभोळेपणाचा म्हणून सोडून देतात. अभ्यासक्रमात मात्र या प्रकाराला स्वतंत्र नाव आहे आणि त्यावर प्रयोगही झालेत. मुख्य काम उरकल्यावर जी बारीकशी पायरी शिल्लक राहते ती माणूस हमखास विसरतो. इथं नियम एकच, ती पायरी कामाच्या आधी आणायची. पूर्वीची काही एटीएम पैसे आधी द्यायची, कार्ड नंतर. लोक पैसे घेऊन निघून जायचे. क्रम उलटा केला, आधी कार्ड आणि मग पैसे, की प्रश्न मिटला. यंत्र तेच, माणूस तोच, फक्त क्रम बदलला.

जाता जाता आणखी एक. आडत दुकानात बसलेल्या माणसाचा कॅल्क्युलेटर आणि मोबाइल शेजारीशेजारी ठेवून बघा. कॅल्क्युलेटरवर ७-८-९ वर, फोनवर १-२-३ वर. फोनची मांडणी बेल कंपनीच्या प्रयोगशाळेनं माणसांवर वेगवेगळ्या रचना करून पाहून मग ठरवली. तो अभ्यास १९६० साली प्रसिद्ध झाला. कॅल्क्युलेटर आपल्या जुन्या आकडेमोडीच्या यंत्रांच्या वळणानं गेला. त्या दुकानदाराचा अंगठा दोन्हीवर सफाईनं चालतो ही माणसाची करामत, यंत्राची नव्हे.

पाच माणसं आणि एक हिंदी सिनेमा

एखादं ॲप लोकांना वापरता येतं का, हे तपासायला किती माणसं लागतात? हजार? पाचशे? याकोब नील्सन म्हणतो, पाच. एक माणूस सरासरीनं ३१ टक्के अडचणी उघड्या पाडतो. हा हिशेब पुढं चालवला की पाच माणसांत ८५ टक्क्यांच्या आसपास अडचणी हाती लागतात. पुढच्या माणसांकडून तेच तेच कळत राहतं. त्यापेक्षा दुरुस्ती करावी आणि नव्या पाच जणांना बोलवावं. खर्च परवडतो, म्हणून विद्यार्थ्याला हे गणित फार प्रिय.

पण पाच माणसं मिळाली तरी आपल्याकडं एक पेच पडतो. आपला माणूस तोंडावर वाईट बोलत नाही. 'कसं वाटलं?' विचारलं की 'छान आहे की!' ज्या बटणावर तो दहा मिनिटं अडला होता, त्यालाही छानच म्हणणार. पाहुण्याला नावं ठेवायची नसतात, आणि ॲप बनवणारा समोर बसलेला असतो! यावर अपला लाहिरी चव्हाण यांनी तोडगा काढला, त्याचं नाव 'बॉलिवूड पद्धत'. चाचणीला आलेल्या माणसाला सरळ 'विमानाचं तिकीट काढून दाखवा' असं सांगायचं नाही. त्याला गोष्ट सांगायची: तुमच्या गुणी, भोळ्या भाचीचं लग्न ठरलंय. आणि आत्ताच कळलंय, की नवरामुलगा भाडोत्री गुंड आहे, वर त्याचं आधीच एक लग्न झालेलं आहे! पुरावा तुमच्या हातात आहे. त्याच्या पहिल्या बायकोला घेऊन तुम्हाला ताबडतोब बंगळूर गाठायचंय. काढा तिकीट!

आता माणूस भूमिकेत शिरतो. पान उघडायला उशीर झाला की वैतागतो, बटण सापडेना की चिडून बोलतो, मनातलं सगळं ओठावर येतं. भाचीसाठी भांडायला आपला माणूस मागंपुढं पाहत नाही. आपल्या स्वभावाची खोड ओळखून तिचंच हत्यार केलेली ही पद्धत मला पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतल्या दहा पद्धतींपेक्षा सरस वाटते.

बाराखडीचं चक्र

आता आपल्या भाषेकडं. क्लार्क-टायपिस्टच्या भरतीला मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द लागतं, इंग्रजी ४०. तरुण मंडळी क्लास लावतात, बोटं झिजवतात. सरकारचा प्रमाण कळफलक म्हणजे इनस्क्रिप्ट. इलेक्ट्रॉनिक्स विभागानं तो १९८६ साली आखला. त्याची रचना बघाल तर थक्क व्हाल. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. त्यामुळं 'काका', 'बाबा', 'पाटी' लिहिताना दोन्ही हात आलटून पालटून चालतात. 'क' च्याच कळीवर शिफ्ट दाबून 'ख', 'त' च्या कळीवर 'थ', 'प' वर 'फ'. आणि मराठीसाठी खास: 'ल' च्या कळीवर शिफ्ट दाबली की 'ळ', 'र' च्या कळीवर 'दऱ्या', 'वाऱ्या' मधला 'ऱ'. एकदा तर्क कळला की पाठ करावं लागत नाही.

मोबाइल आला आणि दहा बोटांच्या जागी एक अंगठा उरला. तिथं आयडीसीत अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या चमूनं २०१३ साली 'स्वरचक्र' हा कळफलक आणला. व्यंजनं पाटीवरच्या तक्त्यासारखी: क-ख-ग-घ एका ओळीत, च-छ-ज-झ पुढच्या. 'क' वर बोट टेकलं की भोवती चक्र उमलतं: का, कि, की, कु, कू... बोट त्या दिशेला सरकवलं की अक्षर तयार. आणि जोडाक्षर? 'क' लिहून हलंत दाबला की सगळ्या कळांवरची अक्षरं बदलतात. क्य, क्र, क्ल, क्ष, सगळे पर्याय दाबण्याआधीच दिसतात. 'क्ष' कशाकशाचा बनतो, हे आठवत बसायची गरजच नाही, तो समोर दिसतोय. ज्यानं पहिलीत बाराखडी म्हटली त्याला हा कळफलक अर्धा आधीच येतो. मराठीसह तो अनेक भारतीय भाषांत आला, आणि तोही फुकट.

अक्षरांचं वळण हीसुद्धा याच संस्थेची कमाई. विंडोज २००० पासून कोट्यवधी संगणकांवर दिसणारा 'मंगल' हा देवनागरी फाँट घडवला र. कृ. जोशी यांनी. कवी, सुलेखनकार आणि आयडीसीतले शिक्षक. रुपयाचं '₹' हे चिन्ह १५ जुलै २०१० ला स्वीकारलं गेलं. ते काढणारे डी. उदय कुमार आयडीसीतच पीएच. डी. करत होते. आणि मराठी माणसाला खटकणारा तो हिंदी वळणाचा 'ल' आणि 'श'? युनिकोडमध्ये मराठी आणि हिंदीच्या 'ल' ला क्रमांक एकच आहे. कोणतं वळण दिसणार ते फाँट ठरवतो. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीची वळणं ठरवून दिली, पण बनवणाऱ्यानं फाँटमध्ये ती घातली तरच पडद्यावर येणार. ती घालायला लावणं हे काम मराठी डिझायनरचंच.

नाव वाचता येत नाही, पण रंग ओळखता येतो

फोनबुकात नावं इंग्रजीत, तीही कुणीतरी दुसऱ्यानंच भरून दिलेली. आईला लेकीला फोन लावायचाय, नाव वाचता येत नाही. अशांसाठी आयडीसीच्या चमूनं २००८ साली 'रांगोळी' नावाचं फोनबुक करून पाहिलं: नावांच्या यादीऐवजी रंग, चित्र आणि पडद्यावरची ठरलेली जागा. डब्यांच्या फळीवर तिखट कुठं आणि हळद कुठं, हे घरातल्या बाईला चिठ्ठी लावून ठेवावं लागत नाही; त्याच सवयीवर हे फोनबुक उभं होतं.

गुंठे की आर?

'ई-पीक पाहणी' राज्यभर सुरू झाली १५ ऑगस्ट २०२१ ला. शेतकऱ्यानं स्वतःच्या बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, फोन जागेची नोंद घेतो, पेरा सातबाऱ्यावर चढतो. पूर्वी हे तलाठ्याच्या हातात होतं, आता शेतकऱ्याच्या. बदल मोठा आहे आणि मोलाचा आहे.

आता या ॲपमधली एक चौकट हातात घेऊ: क्षेत्र. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये. नामपूरकडच्या मोसम खोऱ्यातल्या बोलण्यात मात्र एकर आणि गुंठे. ४० गुंठ्यांचा एकर. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, एक आर म्हणजे १००. म्हणजे गुंठा आणि आर जवळपास एकच! एकरभर कांदा असेल तर लिहायचं ०.४० हेक्टर. पण घाईत 'हेक्टर' च्या चौकटीत ४० पडलं, तर कागदावर एकदम जवळपास शंभर एकर कांदा. शेतकऱ्याला अडाणी ठरवून हा प्रश्न सुटत नाही. गुंठे भरू द्या, आर यंत्रानं काढावेत. आणि 'तुमच्या गटाचं क्षेत्रच एवढं नाही' हे तिथल्या तिथं सांगावं. कुणाही इंटरॅक्शन डिझायनरला पहिल्या सत्रात हेच शिकवतात: माणसाच्या मापात विचारा, हिशेब यंत्राकडं द्या.

दुसरी अडचण बोटांची. मोबाइलचा पडदा कातडीतून जाणाऱ्या सूक्ष्म विजेवर चालतो. कांदा काढून आलेलं, माती वाळलेलं, घट्टे पडलेलं बोट त्याला नीट उमगत नाही. ओलं असेल तर भलतीकडंच दाबलं जातं. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली मांडलेला नियम इथं कामाला येतो: लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितकं ते पटकन गाठता येतं. बांधावरच्या ॲपला बटणं मोठी हवीत. एवढंच.

रुमालाखालचा भाव

बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो तेव्हा ट्रॅक्टरभोवती व्यापारी गोळा होतात, बोली मोठ्यानं पुकारली जाते, शेतकरी शेजारी उभा राहून ऐकतो. हे उघड पुकारणं नेहमीच होतं असं नाही. जुन्या 'हत्ता' पद्धतीत दलाल आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा माल, त्यालाच भाव कळायचा नाही. बाजार नियमनाचे कायदे आले, महाराष्ट्रात १९६३ चा, आणि उघड लिलाव आला. संगणकाचा इथं संबंध नाही, पण या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न इथंच आहे: माहिती कुणाला दिसते, कुणाला दिसत नाही?

चहाच्या टपरीवरचा साउंडबॉक्स याच प्रश्नाचं आजचं उत्तर. यूपीआय ११ एप्रिल २०१६ ला आलं, आणि पैसे आले की नाही हे बघायला टपरीवाल्याला दर वेळी ओले हात पुसून फोन काढावा लागू लागला. खणखणीत मराठीत रक्कम बोलणारा डबा आला आणि हात मोकळे झाले. गिऱ्हाइकालाही ऐकू जातं, म्हणून वाद होत नाही.

वारणेचा धडा

कोल्हापूरकडच्या वारणा खोऱ्यात १९९८ साली सुमारे ७० गावांत संगणक केंद्रं उभी राहिली. 'वायर्ड व्हिलेज' म्हणून देशभर गाजली. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींनी तिथं बसून पाहिलं, की शेतकरी त्या संगणकाचं करतो काय? ऊस किती गेला, खत किती उचललं, पैसे किती निघाले, बस. मग सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस दिला. तेवढ्यानं काम भागलं, खर्च घटला आणि वीज जाण्याची कटकट उरली नाही. संगणक काढून टाकणं हासुद्धा चांगला डिझाइनचा निर्णय असू शकतो, हे महाराष्ट्रातल्या उसानं दाखवून दिलं.

नामपूरच्या पोरापोरींसाठी

एम. डेस. ला जायचं तर 'सीड' ही परीक्षा. ती आयआयटी मुंबई घेते, साधारणपणे जानेवारीत. बारावीनंतरची किमान तीन वर्षांची पदवी लागते. शाखा कुठलीही चालते, वयाची अट नाही, कितीदाही बसा. पण एक सावधगिरी: प्रवेश देणाऱ्या प्रत्येक संस्थेची पात्रता वेगळी असते. काही ठिकाणी तीन वर्षांच्या पदवीवर भागत नाही, चार वर्षांची किंवा पदव्युत्तर पदवी मागतात. तेव्हा माहितीपुस्तिका आधी वाचा, मग फी भरा. परीक्षेत संगणकावरच्या प्रश्नांसोबत चित्रं आणि रेखाटनंही असतात, आणि पुढं पोर्टफोलिओ व मुलाखत. पोर्टफोलिओ म्हणजे आपण केलेल्या कामाची वही. लोक त्यात बँकेच्या ॲपचं नवं रूप काढतात, परदेशी टॅक्सीसेवेचं रंगकाम बदलतात. तपासणाऱ्यांनी तसलं ढिगानं पाहिलेलं असतं.

त्यांनी न पाहिलेलं नामपुरात पडलेलं आहे. २०११ च्या जनगणनेत १६ लाखांहून अधिक लोकांनी अहिराणी ही मातृभाषा म्हणून नोंदवली, पण आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत ती नाही. बोलून चालणारी ॲपं वाढत चालली असताना अहिराणी बोलणाऱ्या आजीचं म्हणणं फोन काय समजतो आणि काय समजत नाही, हे बसून टिपणारा विद्यार्थी हवा. पवईच्या वर्गातल्या इतरांना त्यासाठी दुभाषा शोधावा लागेल. इथल्या मुलीला लागणार नाही. पाच आज्या, एक फोन, एक वही. प्रत्येकीला एकच काम द्यायचं, मध्ये बोलायचं नाही, बोट कुठं अडलं ते लिहायचं. शिकायचं साहित्य हवं असेल तर आयडीसीनं इतर संस्थांसोबत उभारलेलं 'डीसोर्स' नेटवर मोफत आहे. फॉर्म साधारणपणे पावसाळा सरल्यावर सुटतात, म्हणजे उन्हाळ कांदा चाळीत पडल्यापासून तेव्हापर्यंतचे महिने या वहीला पुरेसे आहेत.